‘तुघलकी’ निर्णय नेमका कशाला म्हणायचा?

सोलापुरात एखादा रस्ता एकेरी झाला, भाजीबाजाराची जागा हलवायची ठरली किंवा नळाला पाणी सोडायची वेळ बदलली, की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एक शब्द हमखास कानावर येतो: तुघलकी. ‘काय हा तुघलकी कारभार!’ वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो असतो, निवेदनात असतो, सभेत दोन्ही बाजू एकमेकांवर तो फेकत असतात. शाळेत इतिहासाशी कधी जमलं नाही अशा माणसालाही तो कळतो. पण या एका शब्दात आपण निरनिराळ्या तक्रारी कोंबतो. निर्णय मूर्खपणाचा आहे, ही एक. निर्णय लहरीत घेतला, ही दुसरी. निर्णय अमलात येण्यासारखाच नाही, ही तिसरी. आणि पुष्कळदा, निर्णय मला आवडला नाही, एवढंच. ज्या सुलतानावरून हा शब्द आला त्याची हकिगत नीट पाहिली, तर यातली तिसरीच तक्रार खऱ्या अर्थाने ‘तुघलकी’ ठरते.

तुघलक हे घराण्याचं नाव. दिल्लीच्या गादीवर या घराण्यातले बरेच सुलतान बसले. त्यांतला फिरोजशाह तर कालव्यांसाठी ओळखला जातो. त्याच्या कारभाराला कोणी तुघलकी म्हणत नाही. शब्द चिकटला तो १३२५ ते १३५१ या काळात राज्य करणाऱ्या महंमद बिन तुघलकाला. मराठीत त्याला ‘वेडा महंमद’ आणि ‘लहरी महंमद’ अशीही नावं पडली, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. कारण माणूस वेडा नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, फारसी काव्य यांत त्याला गती होती. त्याच्या दरबारात सतरा वर्षं काढलेला इतिहासकार झियाउद्दीन बरनी त्याच्यावर सडकून टीका करतो, पण त्याला बुद्धी नव्हती असं बरनीलाही म्हणता आलेलं नाही. मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाला याच सुलतानाने दिल्लीत काझी नेमलं होतं. त्याने सुलतानाचं औदार्य आणि त्याचं क्रौर्य, दोन्ही लिहून ठेवलं आहे.

लहरी माणूस सकाळी एक ठरवतो आणि संध्याकाळी दुसरं. महंमदाच्या मोठ्या निर्णयांचं तसं नाही. त्यांच्यामागे कारण होतं आणि ते कारण आजही वाचताना पटतं. राजधानीचंच घ्या. १३२७ च्या सुमारास त्याने यादवांच्या देवगिरीला दौलताबाद असं नाव दिलं आणि तिथे राजधानी करायचं ठरवलं. तोवर सल्तनत वारंगळ, द्वारसमुद्र आणि पार मदुरेपर्यंत पोचली होती. दिल्लीत बसून एवढा दक्षिण मुलूख सांभाळणं कठीण होतं. इकडे बंड झालं तर खबर मिळून फौज पोचेपर्यंत महिने जायचे. मग राज्याच्या साधारण मध्यावर, अभेद्य किल्ल्याच्या पायथ्याशी राजधानी नेणं यात चुकलं काय? तयारीही बरीच होती. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट असून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत, असं इब्न बतूता लिहितो.

सगळी दिल्ली रिकामी केली, एका आंधळ्याला ओढत नेलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तीही इब्न बतूताचीच. पण तो दिल्लीत आला त्याच्या बऱ्याच आधी हे स्थलांतर होऊन गेलं होतं. त्याने लिहिली ती ऐकीव गोष्ट. दिल्लीच्या परिसरात १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख सापडले आहेत आणि त्यांत नांदतं शहर दिसतं. त्यामुळे आजचे बहुतेक इतिहासकार मानतात की जावं लागलं ते प्रामुख्याने अमीर-उमराव, अधिकारी, उलेमा आणि सूफी यांना. पण ‘फक्त’ एवढ्यांनाच म्हणून ते हलकं होत नाही. ज्यांना जावं लागलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वाडवडिलांच्या कबरी, घरं, ओळखीपाळखी सोडून त्यांनी का जावं, याचं उत्तर सुलतानाकडे हुकूम एवढंच होतं. राजधानी दक्षिणेत आल्यावर उत्तरेचं काय, याचंही उत्तर नव्हतं. काही वर्षांनी लोकांना परत जायची मुभा द्यावी लागली.

इथे सोलापूरकराने थोडं थांबावं, कारण त्या फसलेल्या निर्णयाचं पाणी आपल्या अंगणापर्यंत आलेलं आहे. दिल्लीकडून आलेले सगळेच परत गेले नाहीत. बुऱ्हानुद्दीन गरीब हे सूफी संत इकडेच राहिले. त्यांची कबर खुलताबादला आहे. त्या लोकांची बोली इथल्या मराठी, कानडी, तेलुगूत मुरत गेली आणि दखनी घडत गेली. सोलापूरच्या गल्लीत ‘नक्को’ ऐकू येतं, तो आपलाच ‘नको’ दखनीत जाऊन बसलेला. पुढे दौलताबादच्या अमिरांनी सुलतानाविरुद्ध बंड केलं, त्यातून १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि त्याची राजधानी गुलबर्ग्याला आली. सोलापूरचा भुईकोट किल्ला त्या बहमनी काळातला मानला जातो. दक्षिण घट्ट पकडायला म्हणून केलेल्या निर्णयातून दक्षिण कायमची सुटली. म्हणजे निर्णय फसला याचा अर्थ तो हवेत विरून गेला असा होत नाही; फसलेल्या निर्णयांनाही परिणाम असतात, फक्त ठरवलेले नसतात.

आता दुसरा निर्णय, नाण्यांचा. ‘तुघलकी’ या शब्दाचा गाभा मला इथे सापडतो, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

त्या काळी चांदीचा टंका म्हणजे खरोखर तेवढ्या किमतीची चांदी. नाणं वितळवलं तरी चांदी हातात राहायची. १३२९-३० च्या सुमारास सुलतानाने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि फर्मान सोडलं की ही चांदीच्या टंक्याइतकीच मानायची. फौजेचा आणि मोहिमांचा खर्च वाढला होता, चांदी अपुरी पडत होती. कारण समजण्यासारखं आहे. कल्पना तर आजच्या अर्थशास्त्राला धरून आहे. आपल्या खिशातली पाचशेची नोट कागद म्हणून पाचशेची नसते. ती चालते कारण समोरचाही ती घेईल याची खात्री असते आणि पाठीशी रिझर्व्ह बँक असते. चीनमध्ये कुबलाई खानाने १२६० पासून कागदी चलन चालवून दाखवलं होतं. इराणमध्ये १२९४ ला तोच प्रयोग झाला आणि थोड्याच दिवसांत कोसळला, कारण बाजाराने ते चलन घ्यायलाच नकार दिला.

महंमदाला नुसतं फर्मान पुरत नाही याची जाणीव असावी, असं ती नाणी पाहून वाटतं. ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो’ या अर्थाचा मजकूर त्यांवर कोरलेला आहे. लोकांच्या विश्वासाऐवजी आज्ञेचा आधार घेतलेला आहे, तोही नाण्यावरच. पण जी एक व्यवस्था हवी होती ती केलीच नाही: घरी करता येणार नाही असं नाणं. तांबं-पितळ कुणाकडेही होतं आणि ठसा उठवणं कुठल्याही बऱ्या कारागिराच्या हातचं काम होतं. बरनी लिहितो की घराघरांत टांकसाळी निघाल्या. लोक सारा भरायला खोटी नाणी द्यायचे आणि खरी चांदी पुरून ठेवायचे. परदेशी व्यापारी इथला माल या नाण्यांत विकत घ्यायचे, पण आपला माल विकताना तीच नाणी नाकारायचे. शेवटी सुलतानाने नाणी मागे घेतली, आणि मागे घेताना सरकारी खजिन्यातून खरी सोन्याचांदीची नाणी बदलून दिली. खोट्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादला डोंगरासारखे पडून राहिले, असं बरनी सांगतो. नुकसान त्याने प्रजेच्या माथी मारलं नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवी.

हे सगळं सातशे वर्षांपूर्वीचं वाटत असेल तर दहा रुपयांचं नाणं आठवा. बाहेर पिवळट कडा, आत पांढरा भाग, असं ते दोन धातूंचं नाणं ‘चालत नाही’ अशी अफवा गावोगाव पसरली होती. नवी पेठेत एका दुकानात मी पन्नासाच्या खरेदीला पाच नाणी पुढे केली. दुकानदाराने ती बोटाने परत सरकवली. ‘काका, नोट द्या की. हे घेतलं तर माझ्याकडनं पुढं कोण घेणार?’ नाणं खरं आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची अडचण खऱ्या-खोट्याची नव्हतीच. पुढचा घेईल का, ही होती. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की चौदा वेगवेगळ्या नक्षींची दहाची नाणी आजवर निघाली आहेत आणि ती सगळी कायदेशीर आहेत. खोटं पाडायला अवघड असलेल्या, कायद्याचं पाठबळ असलेल्या नाण्याचीसुद्धा ही गत होते. मग तांब्याच्या तुकड्याला हुकुमावर चांदी म्हणवून घेणाऱ्याचं काय होणार होतं, ते त्या दुकानदाराच्या एका प्रश्नात आलं.

दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, सारा वाढवला तेव्हा दुष्काळ पडला, पडीक जमीन लागवडीखाली आणायला ‘दिवाण-ए-कोही’ हे वेगळं खातं काढलं तर दिलेला पैसा मधेच जिरला. तपशील वेगळे, घडण तीच.

तर शब्दाचा अर्थ असा बांधता येईल. विचार मुळात बरा असतो, निदान कागदावर. पण ज्यांच्या हातून तो पार पडायचा आहे त्यांना विचारलेलं नसतं. तो चालण्यासाठी जी एखादी बारीक पण आवश्यक सोय हवी, ती केलेली नसते. आणि एवढं असूनही तो राबवला जातो, कारण राबवणाऱ्याच्या हातात सत्ता असते. यातली सत्ता काढून घेतली तर शब्द लागूच होत नाही. घरी बसून ‘सोलापूरला समुद्र असता तर’ म्हणणारा माणूस तुघलकी नसतो. ते मनोराज्य झालं, शेखचिल्लीचं स्वप्न झालं, त्याने कुणाचं वाकडं होत नाही. 

‘तुघलकी’ हा शब्द ‘उंटावरचा शहाणा’ याच्याही जवळ येतो, पण तोच नव्हे. गोष्ट माहीत असेलच. जनावराचं तोंड रांजणात अडकलं. उंटावरचा शहाणा खाली उतरेना, म्हणून त्याला आत घ्यायला दरवाजाची कमान पाडली. मग त्याने सल्ला दिला की आधी मान कापा. तिथे सत्ता शहाण्याकडे नाही, त्याचं ऐकणाऱ्यांकडे आहे, आणि सल्ला मुळातच चुकीचा आहे. तुघलकी निर्णयात सल्ल्याचा प्रश्न येत नाही, थेट हुकूमच येतो.

आपल्याकडे या शब्दाचा जो गैरवापर होतो त्यातला एक मला फार खटकतो. एखाद्या निर्णयात कुणाचा तरी खिसा भरायचा असतो, जागा कुणाच्या तरी घशात घालायची असते, आणि आपण त्याला ‘तुघलकी’ म्हणून मोकळे होतो. तो तुघलकी नव्हे. तो अगदी व्यवहारी निर्णय असतो, ज्याच्यासाठी घेतला त्याच्यासाठी तो उत्तम चालतो. त्याला तुघलकी म्हणणं म्हणजे ‘बिचाऱ्याला सुचलं नाही’ अशी सवलत देणं. तिथे संगनमत, गैरव्यवहार, मनमानी हे शब्द आहेत, ते वापरायला घाबरू नये.

दुसरा गैरवापर याच्या उलट. जे मोठं, नवं, खर्चिक आहे ते सगळं तुघलकी. भीमेवरच्या उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त लांब सोलापूरला नळाने आणायचं, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अशक्यच वाटेल. पण पंपाला वीज किती लागेल, पाइप कुठल्या जागेतून जाईल, फुटला तर कोण आणि किती वेळात जोडेल, हे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरं काढता येतात. उत्तरं काढली तर पाणी येतं. एखादं उत्तर काढायचं राहिलं तर घागरी घेऊन टँकरमागे धावणं येतं, हेही या शहराने भोगलेलं आहे. अवघड आणि अव्यवहार्य यांत हा फरक आहे. अवघड कामाचे प्रश्न कुणीतरी आधी विचारलेले असतात.

अलीकडचं आणि आपल्या शहरातलं एक उदाहरण घेऊन पाहू. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी, सून, नात सगळ्याच वळतात. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, टोक बोटाने दाबून बंद करायचं. मजुरी हजार विड्यांवर. वर्षानुवर्षं हे करून अंगठ्याच्या रेषा झिजून जातात. हात उलटा करून पाहिला तर बोटाचं टोक गुळगुळीत, किंचित तपकिरी दिसतं. आणि रेशन घ्यायचं तर यंत्रावर अंगठा लागतो.

‘अक्का, परत ठेवा अंगठा.’

‘ठेवला की अण्णा. उमटंना झालाय.’

पदराने पुसून, दुसरं बोट ठेवून, थोडं थांबून पुन्हा. मागे रांग उभी असते.

अंगठा घ्यायचा हा निर्णय तुघलकी आहे का? मी म्हणेन, एवढ्यावरून नाही. खोट्या शिधापत्रिकांवर धान्य उचललं जायचं, ते थांबवायला ओळख पटवणं हे कारण खरं आहे. आणि अंगठा उमटत नसेल तर मोबाईलवर येणारा आकडा, डोळ्यांची ओळख किंवा नोंदवहीत सही, असे दुसरे मार्ग ठेवता येतात आणि ठेवलेही जातात. ते मार्ग दुकानात खरोखर चालू असतील तर निर्णय व्यवहार्य आहे. पण यंत्र नाही म्हणालं की विषय संपला, वरून हुकूमच तसा आहे, असं कुठे होत असेल, तर तिथे हा शब्द अक्षरशः लागू पडतो. कारण चांगलं, हुकूम पक्का, आणि त्या बाईचं बोट कुणी पाहिलेलंच नाही. विडी वळणाऱ्या शहरात बोटांच्या रेषा झिजतात हे कळायला कुठल्याही अभ्यासगटाची गरज नव्हती. एका घरात जाऊन तासभर बसलं असतं तरी पुरलं असतं.

वापराबद्दल थोडंसं. ‘तुघलकी’ हे विशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही: तुघलकी निर्णय, तुघलकी योजना, तुघलकी फर्मान. काही जण ‘तुघलखी’ लिहितात. ‘तुघलकी’ अधिक रूढ आहे. शब्द एका राजाच्या राज्य करण्याच्या तऱ्हेवरून आला आहे, त्याच्या धर्मावरून नाही. ‘नादिरशाही’चंही तसंच. कुणाच्या आडनावाकडे किंवा मोहल्ल्याकडे बोट दाखवून तो वापरणं हा शब्दाचाही अपमान आहे आणि माणसांचाही. ज्या हुकुमाने ज्यांना दिल्लीतून उठवलं ते बहुतेक सुलतानाचे स्वधर्मीयच होते.

आणि निवेदनात किंवा अर्जात हा शब्द लिहायचाच असेल तर तो एकटा सोडू नका. ‘सदर निर्णय तुघलकी असून तो त्वरित रद्द करावा’ असे अर्ज ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून राग कळतो, अडचण कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘आमच्या भागातील विडी कामगार महिलांचे अंगठ्याचे ठसे कामामुळे झिजलेले आहेत. यंत्रावर ठसा न उमटल्यास पर्यायी पद्धतीने धान्य द्यावे, अशी सूचना दुकानदारास लेखी द्यावी व ती दुकानात सर्वांना दिसेल अशी लावावी. सोबत या महिन्यात धान्य न मिळालेल्या महिलांची यादी जोडली आहे.’